चार भाकरींची फिल्म

अक्का,

डार्करूमचं दार लावायचं मला धाडस होईना. आज सकाळपासून तीनदा आत गेले, कडी घातली, दिवा मालवला, आणि तिन्ही वेळा परत दिवा लावून बाहेर आले. शेवटी सोन्यानं विचारलं, आई, तू काय खेळतीयास? काय सांगणार त्याला? एवढी पोक्त बाई, दोन पोरांची आई, स्वतःच्या घरातल्या खोलीत जायला घाबरते म्हणून सांगू? खोली तरी कुठली, तर आपली जुनी कोठीची. जोंधळ्याची पोती हलवून तिची डार्करूम करायला तुम्हीच लावलंत. आत भिण्यासारखं काय आहे? दोन ट्रे, पाण्याची बादली, फळीवर फिल्म धुवायच्या औषधाच्या बाटल्या. भीती सगळी दाराच्या बाहेर आहे, शेगडीपाशी, जिथं तुम्ही परात पुढ्यात घेऊन बसायचात. तिथं आता नुसती फरशी आहे.

रक्षाविसर्जन झालं, पावणे आपापल्या गावाला गेले. नदीवर नैवेद्य ठेवून आम्ही मागं सरतोय न सरतोय तोवर कावळा शिवला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बायका म्हणाल्या, भाग्याची बाई, काही इच्छा मागं राहिली नाही. मला मात्र राग आला. इच्छा राहिली नाही म्हणजे काय? माझ्याशी भांडण अर्धवट ठेवून गेलात त्याचं काय? तीन वर्षं एकाच गोष्टीवरनं भांडतोय आपण, आणि तुम्ही खुशाल कावळा पाठवून मोकळ्या झालात.

कॅमेऱ्यात रोल आहे, अक्का. त्यावर गारगोटीच्या एका पोरीचे फोटो आहेत, स्थळासाठी काढलेले, आणि शेवटचा फोटो तुमचा. बाराव्याला फ्रेम करून पाटावर ठेवायला तोच हवा, कारण त्याआधीच्या एकाही फोटोत तुम्ही धड बसलेल्या नाही. काल पोरांचे बाबा, तुमचे भाऊ, म्हणाले, शाहूपुरीत लॅबला टाक की. मी म्हटलं, ते आता रंगीतच धुतात, असला काळा-पांढरा रोल बाहेरगावी पाठवतात, बाराव्याच्या आत येत नाही. मग हळूच म्हणाले, "थोडे दिवस बंदच ठेवूया का फोटोचं? पोरं लहान हाईत. आणि अक्का न्हाय आता."

ओरडून म्हणाले असते तर मी चार शब्द सुनावले असते. हळू बोलले म्हणून मी कॅमेऱ्याची काच पुसत बसले. फौंड्रीत पाळीवर जाणारा माणूस, त्याचं तरी काय चुकलं? पण 'थोडे दिवस' म्हणून एकदा कॅमेरा कपाटात गेला की तो तिथंच राहणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. बायका म्हणतील, बरं झालं, पोरं मोठी करा आधी. आणि दार लावून मी आत असताना बाहेर पोराला काही झालं तर काय होतं, तेही मी एकदा बघून बसलेय. इकडं आड, तिकडं विहीर. रात्री झोप लागत नाही, आणि लागली की सोन्याच्या अंगावर हात ठेवून तो तापलाय का बघायला परत जाग येते.

तुमचीच आठवण काढून थोडा धीर येतो का बघते.

लग्नात आमच्या आप्पांनी दागिन्यांत हात आखडता घेतला आणि स्वतःचा कॅमेरा मला दिला, तेव्हा मांडवात कुजबूज झाली होती. फोटोवाल्याची पोरगी, आता काय नवऱ्याचे फोटो काढत बसणार काय, असं कोणीतरी म्हणालंही. तुम्ही मात्र तो कॅमेरा हातात घेऊन उलटासुलटा करून बघितलात. त्याला पुढं वर-खाली दोन काचा. ह्येला दोन डोळं कशाला, म्हणून विचारलंत. मी सांगितलं, एका काचेतनं आपण बघायचं, दुसरीतनं फोटो निघतो. लगेच म्हणालात, "मग झालं की. एक डोळा गिऱ्हाइकावर, एक पोरावर." पोरं तेव्हा कुठं होती? मी लाजून खाली बघितलं. चिमी झाल्यावर कळलं की तुम्ही ते थट्टेनं बोलला नव्हता. मला सासू नव्हती. सासर सोडून माहेरी आलेल्या, धाकट्या भावाला वाढवलेल्या, सगळ्या मंगळवार पेठेत आवाज जाईल अशा तुम्हीच माझी सासू, जाऊ आणि नणंद. घरात पाऊल टाकताना मी तुम्हाला टरकून होते. आता तुम्ही नाही म्हणून टरकलेय. मधल्या वर्षांत काय ते निर्धास्त होते.

चिमी सव्वा महिन्याची झाली त्याच दिवशी एक मुलगी आईला घेऊन आपल्या पुढच्या खोलीतल्या स्टुडिओत फोटोला आली. बाई फोटो काढते म्हणूनच आपल्याकडं यायच्या त्या. पुरुषापुढं खांद्यावरचा पदर नीट करायचा संकोच, 'जरा हसा' म्हटलं की आई डोळे वटारणार. मुसलमान बायका पासपोर्टच्या फोटोला यायच्या, पडदा ओढला की बुरखा बाजूला ठेवून निवांत केस सारखे करायच्या. तर ती मुलगी स्टुलावर बसली, मी काचेत डोकं घातलं, आणि आत चिमीनं भोकाड पसरलं. माझा ब्लाउज भिजला. मुलीची आई बघतेय, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही चिमीला घेऊन पडद्यातनं बाहेर आलात आणि म्हणालात, आधी हिला पाज. मी गिऱ्हाइकाकडं बघितलं. तुम्ही त्या मुलीकडं वळून म्हणालात, "लग्नासाठी एवढी थांबलीयास, फोटोसाठी जरा थांबत न्हाईस व्हय?" तिला हसू फुटलं. मी चिमीला पदराखाली घेतलं, आणि एका हातानं बटण दाबलं. त्याच फोटोवर तिचं जमलं.

दुसऱ्यांच्या पोरांचे पहिल्या वाढदिवसाचे फोटो काढताना माझी खरी परवड व्हायची. खुळखुळा वाजवून, टाळ्या पिटून त्यांना हसवायचं, आणि पडद्यामागं माझं रडतंय. तुम्ही माझी दोन्ही पोरं कडेवर घेऊन कॅमेऱ्यामागं उभ्या राहायचात. गिऱ्हाइकाचं पोर तुमच्याकडं बघून हसायचं, आपली पोरं त्याच्याकडं बघून. फिल्म पक्की करायच्या हायपोचा वास हाताला राहतो म्हणून लिंबानं हात घासल्याशिवाय तुम्ही मला पाजायला पोर देत नव्हता. औषधाच्या प्रत्येक बाटलीला तुम्ही लाल चिंधी बांधलीत आणि पोरांना शिकवलंत, लाल चिंधी म्हंजे इख. सोन्या अजून लाल दोरा बांधलेली मिठाईची पुडी बघून मागं सरकतो. मंदिरातनं प्रसाद आणला तरी आधी दोरा सोडावा लागतो.

आणि भाकरी.

आप्पांनी मला फिल्म ट्रेमध्ये धुवायला शिकवली होती. दोन टोकं दोन हातांत धरायची आणि औषधातनं खालीवर झुलवत राहायची, मिट्ट अंधारात. लाल दिवासुद्धा चालत नाही. उजेडाची फट पडली की फिल्म गेली. पण अंधारात किती वेळ झाला हे कळणार कसं? आप्पा मनात स्तोत्र म्हणायचे. माझं स्तोत्र अर्ध्यावर यायचं आणि बाहेर चिमी रडली की मी कुठं होते तेच विसरून जायची. एक रोल कच्चा राहिला, एक करपला. गिऱ्हाइकांनी बोल लावले. मी म्हटलं, हे काय मला जमत नाही, पोर आणि फिल्म एकाच वेळी मोठी होत नाही.

त्यानंतरचा रोल धुताना बाहेर तुम्ही भाकरी थापत होता. थप थप थप, मग तव्यावर पडल्याचा आवाज, मग पाणी फिरवताना शांत, मग उलथनं, मग परत थप थप. तुमचा हात जड आणि चाल एकसारखी, घाई नाही की आळस नाही. त्या दिवशी फिल्म इतकी सुरेख आली की मी ती तशीच ओली घेऊन बाहेर आले आणि विचारलं, दार लावल्यापासनं किती भाकरी केल्या? चार, म्हणालात. झालं. तिथनं आपल्या घरात फिल्म भाकरीवर धुतली गेली. उन्हाळ्यात औषध गरम असतं म्हणून तीन. थंडीत पाच, आणि पाचवी कोण खाणार म्हणून तुमची कुरकुर. सगळ्या कोल्हापुरात असा फोटो कुठं धुतला जात नसेल. गिऱ्हाइकांना आपण कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर त्यांनी कालवणही मागितलं असतं.

दार लावलं की बाहेरनं तुमचा आवाज यायचा, "बाहेर मी हाय." बस, तेवढंच. मग थप थप सुरू. तेवढ्यावर मी आत अंधारात निवांत उभी राहायची. पोरं रडली तरी मला कळायचं की कोणीतरी आहे. त्या शब्दांची मला इतकी सवय झाली की तुम्ही कधी म्हणायला विसरलात तर मी आतनं हाक मारायची.

आता त्या दिवसाचं लिहायला पाहिजे.

उन्हाळा होता. सोन्या दीड वर्षाचा, सकाळपासून अंग कढत. कागलकडचा एक फौजी रजेवर आला होता, बायको बाळंत झाली म्हणून. परत जायच्या दिवशी तिघांचा फोटो काढून गेला. बायको संध्याकाळी फोटो न्यायला येणार होती, त्याला टपालानं पाठवायला. मी म्हटलं, अक्का, आज राहू दे, पोराला ताप आहे. तुम्ही त्याला कडेवर घेतलंत, कपाळावर ओला फडका ठेवलात आणि म्हणालात, "मी बघतो पोराकडं. तू दार लाव. तीन भाकरीचं तर काम." मी दार लावलं. बाहेर मी हाय, म्हणालात.

पहिली भाकरी झाली. दुसरी सुरू झाली आणि मधेच थांबली. पावलं वाजली, परात सरकल्याचा आवाज आला. मग परत थप थप. पण अक्का, तो हात तुमचा नव्हता. तुम्ही थापलं की परात जागची हलायची. हा हात हलका, घाबरा, पडतोय न पडतोय असा. मी आत फिल्म झुलवतेय आणि ऐकतेय. अक्का, म्हणून हाक मारली. उत्तर नाही, थापणं मात्र जोरात झालं. सोन्या कुठाय, विचारलं. थापणं थांबलं. मग परत सुरू झालं. आपल्याच घरात, दाराच्या पलीकडं, कोणीतरी दुसरंच बसून तुमची भाकरी थापतंय आणि बोलत नाही, असला प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये.

मी कडी काढली.

परातीपाशी शेजारची मालन बसली होती, हात पिठानं भरलेले, डोळे पाण्यानं भरलेले. म्हणाली, अक्कानं सांगितलंया, थापत राहा, थांबू नको, बोलू नको. सोन्याला आकडी आली होती. डोळे फिरवले, अंग ताठ झालं. तुम्ही भिंतीवरनं मालनला हाक मारलीत, तिला परातीपुढं बसवलंत आणि पोराला उचलून कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडं पळालात. मी तशीच अनवाणी पळाले. फिल्म कुठं पडली मला माहीत नाही.

डॉक्टरच्या दारात सोन्याचं रडणं ऐकलं आणि जीवात जीव आला. त्याला टेबलावर झोपवून अंगावर ओल्या घड्या ठेवल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, ताप चढला की लहान पोरांना येते, गेली आता, घाबरू नका. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, माझ्या हातांकडं बघितलंत, आणि विचारलंत, फिल्म कुठाय?

माझं टाळकं फिरलं.

"दार का नाही वाजवलंत?"

"वाजवून काय झालं असतं? दोघी पळालो असतो. पोराला न्यायला एक बाई पुरते."

"मी आई आहे त्याची."

"म्हणून तर वाजवलं न्हाय."

त्यावरनं आपण तिथंच इतक्या भांडलो की कंपाउंडरनं दोघींना बाहेर काढलं. पोराला डॉक्टरनी सांभाळलं आणि आपण पायरीवर उभ्या राहून एकमेकींना सुनावत होतो. नंतर कितीतरी दिवस आपण चिमीच्या मध्यस्थीनं बोललो. चिमे, तुझ्या आईला सांग, दूध उतू जातंया. चिमे, तुझ्या आत्तीला सांग, मला दिसतंय.

संध्याकाळी ती फौजीची बायको आली, बाळाला घेऊन. मला बाहेर यायचं बळ नव्हतं. तुम्ही तिला बसवलंत आणि आडपडदा न ठेवता सांगितलंत, फोटो गेला, आमच्या पोराला आकडी आली. ती रडेल, ओरडेल, म्हणून मी पडद्यामागं जीव मुठीत धरून उभी. तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि विचारलं, "तुमचं पोरगं बरं हाय न्हवं आता?" मी आत तोंडात पदर कोंबून रडले. नवरा सरहद्दीवर, त्याला दाखवायला पोराचा एकच फोटो, तो गेला, आणि ती माझ्या पोराची विचारपूस करते. मला रात्रंदिवस एकच भीती, तो माणूस परत आला नाही तर? तुम्ही बोलला नाहीत, पण दर सोमवारी तुमच्या देवापुढं एक फूल जास्त असायचं, ते मी बघत होते.

तो आला, अक्का. पुढच्या रजेला तिघं रस्त्यानं चालली होती आणि तुम्ही त्यांना अक्षरशः ओढत आत आणलंत. पोर तोवर चालायला लागलेलं, एका जागी बसेना. तुम्ही माझ्यामागं उभ्या राहून ताट वाजवलंत. तो रोल धुताना तुम्ही अशा थापत होता की भिंतीवरची भांडी वाजत होती. त्या फोटोची एक प्रत आपण शोकेसमध्ये लावली, ती अजून आहे.

पण भांडण मिटलं नाही. आमटीत मीठ जास्त झालं तरी आपण तिथंच जाऊन पोचायचो. तुमचं म्हणणं, मी बाहेर हाय म्हटल्यावर तू आत राहायचं, न्हाईतर माझ्या बाहेर असण्याला अर्थ काय? माझं म्हणणं, पोराचं काही बरंवाईट होत असेल तर मला कळलं पाहिजे, मग फिल्म जाऊ दे न्हाईतर घर जाऊ दे. एकदा तुम्ही म्हणालात, मला पोर न्हाय म्हणून असं बोलतीयास व्हय? मला इतका संताप आला की मी तुम्हाला चहा दिला नाही. घरातली दोन्ही पोरं पडली-झडली की 'आत्ती' म्हणून बोंबलतात, आईला विचारत नाहीत, आणि ही बाई म्हणते मला पोर नाही. हे मी तेव्हा तोंडावर म्हणायला पाहिजे होतं. चहा न देऊन कोणाला काय कळणार?

शेवटच्या फोटोचं सांगते. रोलवर एक-दोन फोटो उरले की तो संपवल्याशिवाय धुता येत नाही. तुम्हाला वाया गेलेलं खपायचं नाही. उरलंय की, काढ माझा, म्हणून स्टुलावर बसायचात. त्यामुळं प्रत्येक रोलच्या शेवटी तुम्ही आहात. हाताला पीठ, मांडीवर सोन्या, तोंड वळवून चिमीला काहीतरी ओरडताय. एकही फोटो फ्रेम करण्यासारखा नाही, आणि एकही टाकवत नाही. या वेळी मात्र चिमीनं हट्टानं तुमची वेणी घातली, ठेवणीतलं लुगडं नेसवलं. तुम्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसलात, सरळ कॅमेऱ्यात बघत. मी विचारलं, अक्का, आज काय हो, तोंड बंद? दमलो गं जरा, म्हणालात. मी बटण दाबलं. इतके दिवस चेहरे बघायचं काम केलं, पण तो चेहरा बघून मला भ्यायला सुचलं नाही. आठवड्याच्या आत तुम्ही गेलात. आता ती फिल्म धुवायची म्हणजे अंधारात तुम्हाला हातात धरायचं, आणि बाहेर कोणी नाही. चिमी शाळेतनं आलेली दिसतेय. उठते.

संध्याकाळ झाली. परत लिहायला बसलेय.

चिमीनं दप्तर टाकलं आणि मला दारापुढं उभी बघितलं. आठ वर्षांची पोर, पण तिला सांगावं लागलं नाही. परात घेतली, पीठ काढलं, तुमच्याच जागी मांडी घालून बसली. मी म्हटलं, शेगडी पेटवायची नाही. म्हणाली, "ठाऊक हाय. भाजल्यासारखं करतो." मी सोन्याला तिच्यासमोर बसवलं, हातात पिठाचा गोळा दिला. फळीवरच्या बाटल्या बघितल्या, बाहेरची कडी बघितली, खिडकी बघितली, परत सोन्याचं कपाळ बघितलं. गार होतं. मग चिमीला सांगितलं, काही झालं तर दार वाजवायचं. ती म्हणाली, पण फिल्म जाईल की, आत्तीचा फोटो हाय. मी म्हटलं, गेली तर गेली. वाजवायचं म्हणजे वाजवायचं. कळलं? व्हय, म्हणाली.

मी दार लावलं. दिवा मालवला. आणि बाहेरनं आवाज आला, "आई, बाहेर मी हाय."

कोणी शिकवलं नव्हतं. मी अंधारात तोंडावर हात दाबून घेतला, मग आठवलं की हात कोरडे पाहिजेत.

थप थप सुरू झालं. हलका हात, आडवातिडवा. मला तोच दिवस आठवला. तुमचा हात नव्हता. पण कोणाचा आहे ते मला माहीत होतं, एवढाच काय तो आधार. फिल्म खालीवर, खालीवर. पहिली झाली. भाजायला पोरीनं इतका वेळ लावला की मला वाटलं पेटवली की काय शेगडी. दुसरी. तिसरी. तिसरी अर्ध्यात थांबली.

काही आवाज नाही. सोन्याचा नाही, चिमीचा नाही. मग दार वाजलं. परत वाजलं.

अक्का, माझ्या दोन हातांत तुम्ही होता, ओल्या, अजून अर्ध्या कच्च्या. कसंबसं विचारलं, काय झालं?

"आई, सोन्याला शी लागलीया."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्हीत हात मात्र थांबले नाहीत. म्हटलं, ने त्याला, आधी चड्डी सोड. ती म्हणाली, मग भाकरी? मी म्हटलं, तू जा, मी बघते. दोघं गेली. घर गप्प झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी आत होते आणि बाहेर कोणीही नव्हतं. मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू? पण चौथी भाकरी मी मनातल्या मनात थापली, तुमच्या हातानं, परात हलेल अशी. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मग फिल्म हायपोत घातली. तेवढ्यात पावलं आली, आणि पोरगी म्हणाली, आई, आलो, बाहेर मी हाय.

फिल्म दोरीवर वाळतेय. चिमीच्या भाकरीला वेळ लागतो, त्यामुळं जरा जास्त धुतली गेलीय. म्हणजे छापल्यावर तुम्ही थोड्या कडक दिसणार. होतातच तशा. निगेटिव्हमध्ये तुमचे पांढरे केस काळेभोर आलेत, चिमी म्हणाली, आत्ती तरणी दिसतीया. गारगोटीची पोरगीही चांगली आलीय. तुमच्या भावाला सांगितलं, बंद ठेवणार नाही. त्यांनी दोरीवरच्या फिल्मकडं बघितलं आणि पाळी बदलून मिळते का विचारतो, म्हणाले.

भीती गेली का? नाही. उद्याही दार लावताना भिणार, परवाही भिणार. कपाळ बघितल्याशिवाय मी आत जाणार नाही. पण एक सांगते. पोरीनं दार वाजवलं, आणि मी उघडलं नाही. तिनं काय झालं ते सांगितलं म्हणून मला आत थांबता आलं. तुम्हीही वाजवायला पाहिजे होतंत, अक्का. मी अजून हेच म्हणते.

तुम्ही म्हणाल, शी आन् आकडी एकच हाय व्हय गं?

म्हणा की. एकदा बाहेरनं म्हणा.